हृद्‌स्पंदगती, महत्तम

हृद्‌स्पंदगती, महत्तम : शरीराला जास्तीत जास्त श्रम पडत असताना हृदयाचे दर मिनिटास जितके ठोके पडू शकतात, त्या सर्वोच्च संख्येस महत्तम हृद्‌स्पंदगती असे म्हणतात. विश्रांतीच्या अवस्थेत निरोगी प्रौढ व्यक्तीच्या हृदयाचे ठोके सामान्यतः मिनिटास ६० ते १०० पडतात. विशीतील व्यक्ती दमछाक होईपर्यंत धावली, तर ते सु. २०० पर्यंत वाढतात. त्यापलीकडे श्रम वाढविले तरी ठोके वाढत नाहीत. व्यायाम किती जोराचा करावा, हे ठरविण्यासाठी या मर्यादेचा आधार घेतला जातो. प्रत्यक्ष मोजमाप करणे कष्टाचे आणि काही व्यक्तींच्या बाबतीत धोक्याचे असल्यामुळे ती बहुधा वयावरून अंदाजाने काढतात. हा अंदाज समूहाच्या सरासरीचा असतो, विशिष्ट व्यक्तीचा नसतो. ही गोष्ट दृष्टिआड झाल्यास उपयुक्त असे हे गणित दिशाभूल करणारे ठरते.

शरीरक्रियावैज्ञानिक आधार : विश्रांत अवस्थेत हृदयाच्या एका ठोक्याने सु. ७० मिलि. रक्त महारोहिणीत ढकलले जाते. म्हणजे मिनिटास सु. पाच लिटर रक्ताचे अभिसरण होते. तीव्र व्यायामात स्नायूंची ऑक्सिजनाची गरज अनेक पटींनी वाढते व ती भागविण्यासाठी निरोगी तरुणाच्या हृदयाला मिनिटास २० लिटर वा त्याहून अधिक रक्त पुरवावे लागते. प्रत्येक ठोक्यातील रक्ताचे प्रमाण काहीसे वाढते; परंतु या वाढीचा मोठा वाटा ठोक्यांची गती उचलते. व्यायामाच्या प्रारंभी प्राणेशा तंत्रिकेचा हृदयावरील लगाम सैल होतो. नंतर अनुकंपी तंत्रिका तंत्र आणि अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे ॲड्रेनॅलीन यांच्यामुळे गती आणखी वाढते.

या वाढीला मर्यादा असते, कारण दोन ठोक्यांमधील प्रसरणाच्या काळातच हृदयाचे कप्पे रक्ताने भरतात. गती वाढते तसा हा काळ आकुंचनाच्या काळापेक्षा अधिक वेगाने आखूड होत जातो. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या हृद्‌रोहिण्यांतूनही, विशेषतः डाव्या निलयाकडे, रक्त मुख्यतः प्रसरणकालातच वाहते. हृद्‌रोहिण्या अरुंद झालेल्या व्यक्तीत गती वाढली, की एकीकडे हृत्स्नायूची गरज वाढते आणि दुसरीकडे पुरवठ्यास वेळ कमी पडतो. अशा वेळी छातीत कळ येते. वाढत्या श्रमाला मर्यादा घालण्याचे वैद्यकीय कारण हेच आहे.

वयानुसार घट : महत्तम गती वयाबरोबर कमी होते. याचे मुख्य कारण उजव्या अलिंदातील गतिकारक कोशिकासमूहात होणारे बदल हे होय. ए. डी. होसे व डी. कॉलिसन यांनी १९७० मध्ये औषधांच्या योगे तंत्रिकांचा प्रभाव दूर करून हृदयाची स्वाभाविक गती मोजली, तेव्हा तीसुद्धा वयाच्या प्रत्येक वर्षास सु. ०·५७ ठोक्याने घटत असल्याचे आढळले. शिवाय उतारवयात ॲड्रेनॅलिनाला हृदयाकडून मिळणारा प्रतिसादही मंदावतो. नियमित व्यायामाने विश्रांतीच्या वेळची नाडी मंद होते व एका ठोक्यात अधिक रक्त फेकले जाते. महत्तम गती मात्र त्यामुळे वाढत नाही. ‘माझी महत्तम गती अधिक, म्हणून माझे हृदय अधिक सुदृढ’ हा समज निराधार आहे.

सूत्रांचा इतिहास : भारतीय वैद्यकात नाडीपरीक्षा जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चालीची तुलना साप, बेडूक, हंस इ. प्राण्यांच्या गतीशी केलेली आढळते. तेथे भर नाडीच्या स्वरूपावर होता. घड्याळ लावून ठोके मोजण्याची पद्धत यूरोपात जॉन फ्लॉयर यांनी १७०७ मध्ये पुरस्कारिली. वय आणि महत्तम गती यांच्या संबंधाचे पद्धतशीर संशोधन सिड रॉबिन्सन यांनी अमेरिकेतील हार्व्हर्ड श्रम-प्रयोगशाळेत केले व ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा वर्षांच्या मुलापासून नव्वदी ओलांडलेल्या वृद्धापर्यंतच्या पुरुषांची त्यात तपासणी झाली होती.

‘२२० वजा वय’ हे आज सर्वत्र सांगितले जाणारे सूत्र १९७१ मधील एस. एम. फॉक्स, जे. पी. नॉटन व डब्ल्यू. एल. हॅस्केल यांच्या निबंधाशी जोडले जाते. हृदयविकाराच्या प्रतिबंधासाठी व्यायाम हा त्या निबंधाचा विषय होता. निरनिराळ्या पाहण्यांतील आकडे एका आलेखावर मांडून त्यांना ढोबळपणे जुळणारी रेषा तेवढी त्यांनी दाखविली होती. अचूक सूत्र देण्याचा हेतू त्यामागे नव्हता. या सूत्राला सांख्यिकीय विश्लेषणाचा आधार नसल्याचे आर. ए. रॉबर्ग्ज व आर. लँडवेहर यांनी २००२ मध्ये दाखवून दिले. तथापि तोंडी करता येण्याजोगी साधी वजाबाकी असल्यामुळे ते व्यायामशाळांच्या भिंतींवर आणि मनगटी उपकरणांत टिकून राहिले.

एच. टनाका व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ३५१ पाहण्यांतील १८,७१२ व्यक्तींची माहिती एकत्र करून ‘२०८ वजा (०·७ × वय)’ हे सूत्र मांडले. स्त्री-पुरुषांत त्यांना भेद आढळला नाही. मार्था गुलाटी व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लक्षणरहित ५,४३७ स्त्रियांच्या चाचण्यांवरून स्त्रियांसाठी ‘२०६ वजा (०·८८ × वय)’ हे सूत्र दिले. नॉर्वेतील बी. एम. नेस व सहकाऱ्यांच्या २०१३ मधील पाहणीतून ‘२११ वजा (०·६४ × वय)’ असे सूत्र निघाले. या चार सूत्रांनी मिळणारे दर मिनिटाचे ठोके पुढीलप्रमाणे आहेत (पूर्णांकांत).

वय २० : फॉक्स २००, टनाका १९४, गुलाटी (स्त्रिया) १८८, नेस १९८.
वय ४० : फॉक्स १८०; टनाका १८०; गुलाटी (स्त्रिया) १७१; नेस १८५.
वय ६० : फॉक्स १६०, टनाका १६६, गुलाटी (स्त्रिया) १५३, नेस १७३.
वय ७० : फॉक्स १५०, टनाका १५९, गुलाटी (स्त्रिया) १४४, नेस १६६.

चाळिशीत पहिली दोन सूत्रे एकच उत्तर देतात. त्याआधी जुने सूत्र नव्यापेक्षा अधिक व त्यानंतर कमी आकडा देते. वृद्धांच्या तपासणीत यामुळे प्रत्यक्ष तोटा होऊ शकतो. जुन्या सूत्राने काढलेली गती गाठली म्हणून चाचणी लवकर थांबविल्यास हृदयावर पुरेसा ताण न पडता दोष झाकलेला राहतो.

अंदाजातील चूक : सूत्र कोणतेही वापरले, तरी एकाच वयाच्या व्यक्तींत महत्तम गती सरासरीच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असते. तिचे प्रमाण विचलन सु. १० ते १२ ठोके असते. ते १० धरले, तर साठ वर्षांच्या शंभर व्यक्तींपैकी सु. ६८ जणांची महत्तम गती १५६ ते १७६ च्या दरम्यान आणि सु. ९५ जणांची १४६ ते १८६ च्या दरम्यान सापडेल. सरासरी मात्र १६६ हीच राहील.

या पसरीचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. साठ वर्षांच्या दोन व्यक्तींना ‘महत्तमाच्या ८५ टक्के’ म्हणून मिनिटास १४१ ठोक्यांचे लक्ष्य दिले. एकीची खरी महत्तम गती १४६ असेल, तर हे लक्ष्य तिच्या क्षमतेच्या ९७ टक्के होते. तेथे ती फार वेळ टिकणार नाही. दुसरीची खरी गती १८६ असेल, तर तेच लक्ष्य केवळ ७६ टक्के, म्हणजे मध्यम श्रमाचे होईल. म्हणून सूत्राने मिळालेला आकडा ही अनुल्लंघनीय सीमा नाही किंवा गाठलेच पाहिजे असे उद्दिष्टही नाही. तो केवळ प्रारंभबिंदू होय.

व्यायामाची पातळी ठरविणे : महत्तम गतीच्या सु. ६४ ते ७६ टक्के ठोके पडत असल्यास व्यायाम मध्यम व सु. ७७ ते ९५ टक्के पडत असल्यास जोराचा समजतात. प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० मधील शिफारस आहे.

विश्रांतीच्या वेळची नाडी विचारात घेतल्यास अंदाज अधिक व्यक्तिसापेक्ष होतो. फिनलंडचे मार्टी कार्व्होनेन व सहकारी यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत महत्तम गतीतून विश्रांतीची गती वजा करतात व या राखीव गतीचा ठरावीक हिस्सा पुन्हा विश्रांतीच्या गतीत मिळवितात. राखीव गतीच्या ४० ते ५९ टक्के हा मध्यम व्यायाम होय. महत्तम गती १६६ धरल्यास, विश्रांतीची नाडी ६० असणाऱ्याची मध्यम पातळी सु. १०२ ते १२३ आणि ८४ असणाऱ्याची सु. ११७ ते १३२ येते. विश्रांतीची नाडी सकाळी जागे झाल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजावी आणि तीनचार दिवसांची सरासरी घ्यावी.

नाडी मोजण्यासाठी अंगठ्याच्या बाजूस मनगटावर तर्जनी व मध्यमा ठेवून १५ सेकंदांतील ठोके मोजतात व त्यांस चारने गुणतात. व्यायाम थांबताच गती झपाट्याने उतरू लागते, म्हणून मोजणी ताबडतोब करावी. ठोके अनियमित असल्यास पूर्ण मिनिट मोजावे व वैद्याचा सल्ला घ्यावा. अशा अवस्थेत वरील सूत्रे लागू पडत नाहीत. छातीवरील पट्ट्याची उपकरणे हृदयाचे विद्युत् संकेत टिपतात. मनगटी उपकरणे त्वचेखालील रक्तप्रवाहावर पडणाऱ्या प्रकाशावरून गती काढतात व पट्टा सैल असल्यास किंवा हाताची हालचाल जोराची असल्यास चुकतात.

उपकरणाशिवाय वापरता येण्याजोगी कसोटी म्हणजे बोलण्याची. चालता चालता गाता येत असेल, तर श्रम हलके. बोलता येते पण गाता येत नसेल, तर मध्यम. आणि दोनचार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर जोराचे समजावेत. स्वतःला जाणवणाऱ्या श्रमास ६ ते २० या दरम्यान अंक देण्याची स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांची श्रेणीही रूढ आहे. तीत १२-१३ हे अंक मध्यम श्रमाचे होत.

वारीचे उदाहरण : सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातून आषाढी वारीच्या दोन्ही प्रमुख पालख्या जातात. ज्ञानेश्वरांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर या मार्गाने, तर तुकारामांची अकलूज, माळीनगर, बोरगाव या मार्गाने पंढरपूरकडे येते. साखर कारखान्यासाठी ओळखले जाणारे श्रीपूर याच तालुक्यातील अकलूज-पंढरपूर भागात आहे. आळंदीहून पायी येणारा वारकरी जवळजवळ तीन आठवडे चालत असतो. टाळमृदंगाच्या साथीने अभंग म्हणत चालणाऱ्या दिंडीत श्रमाची वर सांगितलेली कसोटी आपोआपच लागलेली असते. ज्याला चालताना अभंग म्हणता येतो, त्याचे श्रम हलक्या ते मध्यम पातळीत राहतात. दिवसामागून दिवस असे चालणे शरीराला सोसते.

वेळापूरजवळील उतारावर मात्र ‘धावा’ होतो. तेथून तुकारामांना पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला व ते धावत सुटले, या श्रद्धेने वारकरीही धावतात. रिंगणातही काही काळ धावणे-खेळणे चालते. अशा वेळी नाडी अल्पावधीत मध्यम पातळीतून जोराच्या पातळीत जाते. पहिल्या दिवसापासून चालत आलेल्याच्या शरीराला श्रमाची व उन्हाची सवय झालेली असते. अखेरच्या टप्प्यात सामील होणाऱ्या, एरवी बैठे काम करणाऱ्या प्रौढाला ती नसते. अमेरिकेत एम. ए. मिटलमन व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जोराच्या श्रमानंतरच्या तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता, आठवड्यात पाच वा अधिक वेळा असे श्रम करणाऱ्यांत सु. २·४ पट, तर एरवी श्रम न करणाऱ्यांत सु. १०७ पट वाढल्याचे आढळले. बैठ्या व्यक्तीच्या बाबतीतही एखाद्या तासातील प्रत्यक्ष धोका अल्पच असतो. पण सवयीचे महत्त्व यातून स्पष्ट होते. दक्षिण आशियातील लोकांत पहिला झटका इतर प्रदेशांच्या तुलनेने सु. पाच-सहा वर्षे अगोदर येतो, असे ५२ देशांतील एका पाहणीच्या २००७ मधील विश्लेषणात दिसून आले. त्यामुळे ही सावधगिरी येथे चाळिशीतच घेणे इष्ट होय. वारीस निघण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे रोजचे चालणे हळूहळू वाढवीत नेणे, हा यावरील सोपा उपाय आहे.

उष्णता व पाणी : सोलापूर जिल्ह्यात मे महिन्यात दिवसाचे तापमान ४०° से.च्या वर जाते. उन्हात शरीर थंड ठेवण्यासाठी रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो व घामाने रक्तातील द्रव घटतो. परिणामी त्याच श्रमास अधिक ठोके पडतात. शरीराचे आंतरिक तापमान १° से.ने वाढल्यास गती मिनिटास सु. १० ठोक्यांनी वाढते. पाणी कमी पडून शरीराचे वजन एक टक्क्याने घटल्यास तीत सु. ३ ते ५ ठोक्यांची भर पडते. महत्तम गती मात्र तेवढीच राहत असल्याने मधले अंतर कमी होते. उन्हाळ्यात नाडी लक्ष्याबाहेर गेल्यास चाल मंदावणे हाच योग्य मार्ग होय. हिवाळ्यातील वेग टिकविण्याचा आग्रह धरू नये. ऊसतोडणीसारख्या दिवसभराच्या कामासही हाच नियम लागू आहे. अशा कामात नाडीची सरासरी वाढ विश्रांतीपेक्षा सु. ३० ते ३५ ठोक्यांहून अधिक असू नये, असा श्रमशरीरक्रियाविज्ञानातील संकेत आहे. उष्ण हवेस शरीर रुळण्यास सु. १० ते १४ दिवस लागतात.

औषधांचा परिणाम : रक्तदाब व हृद्‌रोहिणी विकार यांसाठी दिली जाणारी अटेनोलोल, मेटोप्रोलोल यांसारखी बीटा-रोधक औषधे ॲड्रेनॅलिनाची हृदयावरील क्रिया अडवितात, त्यामुळे महत्तम गतीच खाली येते. ही औषधे घेणाऱ्या हृद्‌रोहिणी विकाराच्या रुग्णांसाठी सी. ए. ब्रॉनर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘१६४ वजा (०·७ × वय)’ हे सूत्र सुचविले. त्यानुसार साठ वर्षांच्या रुग्णाची महत्तम गती सु. १२२ येते. नेहमीच्या सूत्राने त्याच वयाची मध्यम पातळी १०६ ते १२६ निघते, म्हणजे तिची वरची मर्यादा या रुग्णाच्या महत्तमाहूनही अधिक होते. ती गाठण्यासाठी त्याने धडपड करणे धोक्याचे आहे. अशा रुग्णांनी आकड्याऐवजी बोलण्याची कसोटी वापरावी किंवा औषध चालू असताना झालेल्या चाचणीवरून पातळी ठरवून घ्यावी. नाडी वाढावी म्हणून औषध स्वतःहून कधीही बंद करू नये.

प्रत्यक्ष मापन : वैद्यकीय देखरेखीखाली फिरत्या पट्ट्यावर चालवून विद्युत् हृल्लेख व रक्तदाब यांची सतत नोंद घेत ही गती मोजतात. रॉबर्ट ब्रूस यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग व चढ वाढवितात. सायकलवरील चाचणीत मिळणारा आकडा धावण्याच्या चाचणीपेक्षा सामान्यतः थोडा कमी असतो. पोहण्यातही तो सु. १० ठोक्यांनी कमी भरतो. श्रम थांबविल्यावर नाडी किती लवकर उतरते, हेही महत्त्वाचे आहे. चाचणीनंतर हळूहळू चालत असताना पहिल्या मिनिटात ती १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरली, तर ते प्रतिकूल चिन्ह समजतात (१९९९ मधील पाहणी).

चाळिशीपुढील, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा कुटुंबातील हृदयविकार यांचा इतिहास असलेल्या आणि दीर्घकाळ बैठे जीवन जगलेल्या व्यक्तींनी जोराच्या व्यायामास प्रारंभ करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. आपली महत्तम गती शोधण्यासाठी अशांनी एकट्याने टेकडी धावत चढण्यासारखे प्रयोग करू नयेत. व्यायामापूर्वी व नंतर पाच ते दहा मिनिटे मंद चालावे. एकाएकी थांबल्यास पायांत रक्त साठून घेरी येण्याचा संभव असतो. छातीत दाब वा कळ, डाव्या हातात किंवा जबड्यात वेदना, अकारण धाप, घेरी, थंड घाम अथवा ठोक्यांची अनियमितता यांपैकी काहीही जाणवल्यास, नाडीचा आकडा लक्ष्याच्या आत असला तरी, व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. सूत्र सरासरी सांगते. या लक्षणांतून त्या व्यक्तीच्या हृदयाची प्रत्यक्ष स्थिती कळते, म्हणून दोहोंत विरोध आल्यास लक्षणेच प्रमाण मानावीत.